अल्डुइनला मारलं म्हणजे अकाटोश मेला का?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. 'एल्डर स्क्रोल्स' या व्हिडिओ गेम मालिकेच्या जगात घरच्या घरी, टेबलावर फासे टाकत खेळायची मोहीम चालवणाऱ्या एकाने विचारलंय: 'मोरोविंड' या खेळातल्या एका पुस्तकात लिहिलंय की अल्डुइन म्हणजे नॉर्ड लोकांचा अकाटोश. 'स्कायरिम' या पुढच्या खेळात मात्र अल्डुइन हा अकाटोशचा थोरला मुलगा आहे, आणि शेवटी आपण त्याला मारतो. मग हे देव एक की दोन? खरी अडचण त्याने शेवटच्या ओळीत हळूच घातलीय. टेबलावरचा एक खेळाडू अकाटोशचा पुजारी आहे, आणि त्याची प्रार्थना अल्डुइनवर चालावी की नाही, हे शनिवारच्या आत ठरवायचंय.

माझं उत्तर: दोन. प्रार्थना चालावी, पण जरा वेगळ्या तऱ्हेने. ते शेवटी सांगतो. पोटापाण्यासाठी मी गेमची कथाविश्वं लिहितो. कुठल्या देवाचं कुठल्या राज्यात नाव काय, कुठला देव कुणाच्या जागी बसतो, असे तक्ते बनवणं हा रोजचाच उद्योग. एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, या वादात खरा घोळ तक्त्यानेच घातलाय.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी चार ओळी. टॅम्रिएल हे खंड. मध्यभागी सायरोडिल, साम्राज्याचं घर. तिथल्या देवमंडळात अकाटोश सगळ्यात वरचा: काळाचा देव, रूप ड्रॅगनचं. उत्तरेला स्कायरिम, नॉर्ड लोकांचा बर्फाळ मुलूख. त्यांच्या जुन्या कथांत अल्डुइन, 'जग खाणारा'. एल्फ लोकांचा ऑरि-एल, मांजरवंशी खाजीतांचा अल्कोश. चार नावं, आणि चौघांचंही काळाशी काहीतरी नातं.

आता ते 'मोरोविंड'मधलं (२००२) पुस्तक. साम्राज्यातल्या कुठल्या जमातीचे कुठले देव, याची ती यादी आहे. लिहिणारा ब्रदर मिखाएल कारकुक्सॉर, साम्राज्याच्या विद्यापीठातला माणूस. अल्डुइनच्या नोंदीत तो म्हणतो की हे अकाटोशचं नॉर्ड रूप. वादात सगळे इथपर्यंतच वाचून दाखवतात. पण त्याच वाक्याचा पुढचा भाग असा आहे की नऊ देवांमधल्या आपल्या जोडीदाराशी अल्डुइनचं साम्य निव्वळ वरवरचं आहे. पुढे तो सांगतो की मागचं जग ज्या वणव्यात जळलं आणि हे जग सुरू झालं तो वणवा म्हणजे अल्डुइन, आणि नॉर्ड देवमंडळाचा तो प्रमुख नाही, उगम आहे. तोही भीतीदायक उगम.

म्हणजे ज्या पुरावा-पुस्तकावर 'एकच' हा पक्ष उभा आहे, त्याचा लेखकच अर्ध्या वाक्यात पाय मागे घेतो. तक्त्यात 'काळाचा देव' असा रकाना होता, स्कायरिमच्या ओळीत तो मोकळा ठेवता येईना, म्हणून त्यातल्या त्यात जवळचं नाव भरलं आणि बाजूला बारीक अक्षरात 'तसं साम्य फार नाही' असं लिहून ठेवलं. हे मी शंभर वेळा केलंय. रकाना मोकळा दिसला की माणसाला राहवत नाही.

साम्राज्यांची ही सवय खेळाबाहेरचीच आहे. सीझरने गॉल लोकांबद्दल लिहिताना सरळ म्हटलं की हे सगळ्यात जास्त मर्क्युरीला पुजतात. गॉल लोक मर्क्युरी हे नाव घेत होते का? नाही. त्यांचा जो कुणी देव होता त्याला सीझरने आपल्या घरचं नाव दिलं. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ च्या सुमारास जर्मन जमातींवर लिहिताना एका जोडदेवाची गोष्ट सांगितलीय. तिथले लोक त्यांना अल्सी म्हणतात, रोमन समजुतीप्रमाणे ते कॅस्टर आणि पोलक्स. टॅसिटस निदान 'रोमन समजुतीप्रमाणे' एवढं तरी कबूल करतो. कारकुक्सॉर त्याच्याच जातकुळीतला, आणि कथाविश्व लिहिणाऱ्याने त्याला नाव, पदवी आणि विद्यापीठ देऊन उभं केलंय ते यासाठीच की आपण त्याला आकाशवाणी समजू नये. या मालिकेतलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक कुणीतरी, कुठेतरी बसून, कशासाठी तरी लिहिलेलं असतं. 'पुस्तकात लिहिलंय' एवढ्याने इथे काही सिद्ध होत नाही. कुणी लिहिलंय ते आधी बघायचं.

'स्कायरिम'मध्ये (२०११) याच विषयावर आणखी दोन पुस्तकं सापडतात, आणि ती शेजारी ठेवून वाचण्यात मोठी गंमत आहे. एक वेरेस्टच्या अकाटोश-मठाचा मुख्य पुजारी अलेक्झांडर सायमन याचं. हा माणूस मोठ्या पदावरचा. त्याला सगळ्यात सोयीचं काय होतं? नॉर्ड हे अडाणी, त्यांनी आपल्याच अकाटोशची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत सांगत विद्रूप केली, असं म्हणून मोकळं व्हायचं. तो तसं म्हणत नाही. विचाराअंती तो या निष्कर्षाला येतो की अल्डुइन हा देव नव्हेच, तो एक खराखुरा, प्रचंड ताकदीचा, दुष्ट ड्रॅगन आहे. दुसरं पुस्तक थ्रोमगार आयर्न-हेड नावाच्या नॉर्डचं. शुद्धलेखनाच्या नावाने आनंद, वाक्यं रांगडी, पण म्हणणं तेच: अल्डुइन खरा आहे आणि तो अकाटोश नाही. एक मठाधिपती आणि एक धड लिहिता न येणारा गडी, दोघं दोन टोकांकडून चालत येऊन एकाच जागी भेटतात. साक्षीदार एकमेकांचे मिंधे नसले की साक्षीचं वजन वाढतं.

पडद्यामागचंही थोडं सांगतो. २००२ साली अल्डुइन फक्त पुस्तकांतल्या उल्लेखांपुरता होता. त्याला बोलायचं नव्हतं, उडायचं नव्हतं, मरायचं तर अजिबातच नव्हतं. २०११ साली तोच मुख्य खलनायक झाला. खलनायकाला तोंड लागतं, राग लागतो, आणि शेवटी त्याला हरवता यावं लागतं. साक्षात काळाच्या देवाला खेळाडूने तलवारीने मारलं असतं तर पुढच्या खेळात कालगणना कशी करायची, हाच प्रश्न पडला असता. मग बाप-लेक हे नातं आलं. लेक मारता येतो, बाप वर सुरक्षित राहतो. मला यात लबाडी दिसत नाही, कारागिरी दिसते. जुनं पुस्तक खेळ बनवणाऱ्यांनी रद्द केलं नाही, त्याच्या शेजारी दोन नवी ठेवली. या मंडळींची ही जुनी खोड आहे. 'डॅगरफॉल'ला (१९९६) अनेक शेवट होते आणि ते एकमेकांशी जुळणारे नव्हते. पुढच्या खेळांत त्यांनी कुठलाही एक शेवट खरा ठरवला नाही. सांगितलं काय, तर त्या वेळी काळच मोडला होता, त्यामुळे सगळंच घडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांच्याइतकं कुणी पाळत नसेल.

पण 'कंपनीला सोयीचं होतं' हे जगाबाहेरचं उत्तर झालं. टेबलावरच्या खेळाडूला ते देऊन चालत नाही. जगाच्या आतून दोन देव एकच आहेत की नाहीत हे ठरवायचं तर माझी एक साधी कसोटी आहे. नावं बघू नका, चित्रं बघू नका, 'अधिकारक्षेत्र' तर मुळीच बघू नका. एखादी घटना बघा. दोन्ही लोकांच्या कथांत एकच प्रसंग दोन बाजूंनी सांगितलेला सापडतो का?

याच जगातलं लोरखानचं उदाहरण घ्या. एल्फ लोकांच्या मते लोरखान हा महाठक. त्याने देवांना फसवून हे मर्त्य जग घडवायला लावलं, त्यात त्यांचं अमरत्व गेलं. म्हणून ट्रिनिमॅक या ऑरि-एलच्या योद्ध्याने त्याला पाडून त्याचं हृदय उपटलं, आणि ऑरि-एलने ते बाणाला बांधून लांब समुद्रात सोडलं. नॉर्डांचा शोर म्हणजे लाडका सेनापती. एल्फांविरुद्ध त्यांना लढवणारा आणि एल्फांच्याच दगलबाजीने गेलेला. एकाला शिव्या, दुसऱ्याला पोवाडे. तक्त्याच्या हिशेबाने दोघांत काहीच जुळत नाही. पण प्रसंग बघा: एल्फ आणि माणसं यांच्यातलं युद्ध, माणसांच्या बाजूचा पुढारी, आणि एल्फांच्या हातून त्याचा अंत. एक जण विजय म्हणून सांगतो, दुसरा सुतक म्हणून. प्रेत एकच आहे. त्यामुळे लोरखान आणि शोर एकच म्हणायला मला कधीच जड गेलं नाही. दोन शत्रूंनी एकाच मढ्यावर दावा सांगितला की ओळख पटते.

हीच कसोटी अकाटोश आणि अल्डुइनला लावा. दोघांनी केलेलं एखादं समान कृत्य शोधा. मी शोधलंय, मला नाही मिळालं. उलट एक प्रसंग असा मिळतो, जिथे दोघं दोन म्हणून उभे आहेत.

तो प्रसंग पार्थर्नॅक्स सांगतो. ज्यांनी खेळलंय त्यांना ती जागा आठवत असेल. 'थ्रोट ऑफ द वर्ल्ड' या डोंगराचा माथा, वाऱ्यावर उडणारा बर्फ, मोडकी शब्दभिंत (ड्रॅगनभाषेतले शब्द कोरलेली भिंत) आणि तिच्यावर बसलेला म्हातारा ड्रॅगन. पंख फाटके, एक शिंग तुटकं. बोलणं इतकं संथ की पहिल्यांदा मला वाटलं खेळ अडकला. हा अल्डुइनचा एके काळचा उजवा हात, त्याला आतून ओळखणारा. अल्डुइन पडल्यावर तो जे म्हणतो त्यात आनंद नसतो. त्याचं म्हणणं असं की अल्डुइनचं मरण त्याच दिवशी लिहिलं गेलं ज्या दिवशी त्याने बापाचं राज्य आपलं म्हणून सांगितलं. बापाला तो ड्रॅगनभाषेत 'बोर्माहु' म्हणतो, म्हणजे 'आमचा बाप', आणि लगेच नाव घेतो: अकाटोश.

थोडं थांबून या साक्षीकडे बघा. ज्याचं राज्य तो आणि ज्याने बळकावलं तो, हे दोघं एकच असतील तर बळकावणं या शब्दाला अर्थच उरत नाही. स्वतःच्या घरात कुणी घुसखोरी करत नाही. शिवाय सांगणारा हा कुणी सायरोडिलचा पंडित नव्हे. तो ड्रॅगन आहे, अल्डुइनच्या शेजारी बसून राज्य केलेला. ही पहिल्या हाताची साक्ष आहे, आणि ती 'दोन' म्हणते.

याला एक जोडपुरावा आहे. सायरोडिलच्या परंपरेप्रमाणे ड्रॅगनचं रक्त माणसाला अकाटोशच्या देणगीने मिळतं; साम्राज्याची पहिली राणी अलेसिया हिच्याशी त्याने तसा करार केला. त्या रक्ताचा माणूस म्हणजे ड्रॅगनबॉर्न, आणि अल्डुइनला पाडतो तो ड्रॅगनबॉर्नच. एखादा देव स्वतःला मारायला स्वतःच शस्त्र देईल? पुराणांत असलं काहीही होऊ शकतं, त्यामुळे मी यावर फार भार देत नाही.

अकाटोश आणि ऑरि-एल ही जोडी वेगळी आहे, तिथे मी 'एकच' म्हणतो, पण नाक मुरडून. कारण ती जोडी कुणी आणि कधी जुळवली हे आपल्याला माहीत आहे. पहिल्या युगाच्या २४३ व्या वर्षाच्या सुमारास अलेसिया या गुलाम राणीने एल्फ मालकांना हाकललं. आता प्रजेपुढे देव कुठले ठेवायचे? तिचे लोक पिढ्यान्‌पिढ्या एल्फांच्या देवांना पुजत आलेले, अकाटोश त्यांतलाच. ते सोडायला तयार नाहीत. आणि ज्यांच्या तलवारींवर बंड जिंकलं त्या नॉर्डांना एल्फ देव डोळ्यासमोर नकोत. मग राणीने दोन्हीकडचं थोडं थोडं घेऊन आठ देवांचं नवं मंडळ बनवलं (नववा पुढे आला). 'ऑब्लिव्हियन'मध्ये (२००६) शेझारवरचं (लोरखानचं सायरोडिलमधलं नाव) एक पुस्तक आहे, त्यात हा सगळा व्यवहार लिहिलाय, आणि लेखक त्याचं कौतुकच करतो. मला ते पुस्तक फार आवडतं. एक देव चक्क तहाच्या वाटाघाटीत घडताना दिसतो.

या जोडणीचा पुढे कुणाला तरी इतका राग आला की त्यांनी ती उसवायला घेतली. मारुखाटी नावाचा एक कडवा पंथ, त्यांना अकाटोशमधला एल्फांचा अंश काढून टाकायचा होता. परिणाम काय, तर म्हणे काळच मोडला, आणि १००८ वर्षं काय आधी आणि काय नंतर हे कुणाला सांगता येईना. 'म्हणे' हा शब्द मुद्दाम घातलाय. कारण 'मोरोविंड'मध्येच फाल ड्रून नावाच्या अभ्यासकाचा निबंध आहे. तो म्हणतो, असं काही झालंच नाही, जुन्या इतिहासकारांनी सनावळीत घोळ घातला आणि ती १००८ वर्षं कागदावर तयार झाली. सनावळीवरून भांडणारे लोक मराठी वाचकाला समजावून सांगायला नकोत.

आणि 'स्कायरिम'च्या 'डॉनगार्ड' या जोडभागातला (२०१२) गेलेबोर. स्नो एल्फांमधला जवळजवळ शेवटचा उरलेला, ऑरि-एलचा योद्धा-भक्त, गुहेत एकटा पहारा देत उभा. आपल्या देवाची ओळख करून देताना तो नावं मोजतो: ऑरि-एल, ऑरिएल, अल्कोश, अकाटोश. अल्डुइन हे नाव त्या यादीत नाही. 'दोन' पक्षाचे लोक हा हुकमाचा एक्का म्हणून टाकतात. मी टाकत नाही. नॉर्डांनी ज्याची अख्खी जमात संपवत आणली तो नॉर्डांच्या देवाचं नाव आपल्या देवाच्या पंगतीत कशाला बसवेल? न घेतलेल्या नावामागे धर्मशास्त्रच असतं असं नाही, कधी नुसता राग असतो.

आता मराठी टेबलावर हमखास येणारं उत्तर: 'अरे सोपं आहे, अल्डुइन हा अकाटोशचा अवतार.' आपल्याला हे इतकं सहज सुचतं की बोलणाऱ्याला आपण काही सिद्धांत मांडतोय याचीही जाणीव नसते. पण इथे तो शब्द बसत नाही. अवतार मूळ देवाचं काम करायला येतो. मूळ देवाच्या गादीवर दावा सांगणारा अवतार आपल्या पुराणांत मला तरी आठवत नाही. या मालिकेत खरा अवतार दुसऱ्या ठिकाणी आहे: 'ऑब्लिव्हियन'च्या शेवटी सिंहासनाचा वारस मार्टिन राजमणी (सम्राटांचा पवित्र ताईत) फोडतो आणि अकाटोशचा ज्वलंत ड्रॅगन होऊन मेहरून्स डेगॉन या विनाशाच्या दैत्यराजाशी लढतो, आणि लढाई संपली की त्याचा दगड होतो. हा मार्टिन मुळात क्वाच गावच्या अकाटोशच्या मंदिरातला साधा पुजारी. अवतार शोधायचा तर तिथे शोधा.

तरीही सुरुवातीला मी हात आखडता घेतला, त्याला कारण आहे. पार्थर्नॅक्स एका ठिकाणी विचारतो की हे जग म्हणजे पुढच्या कल्पाचं अंडं असेल तर? तू पुढचं जग जन्मूच देणार नाहीस का? हो, 'कल्प' हाच शब्द, आपलाच. ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा. सत्यनारायणाला बसल्यावर गुरुजी संकल्पात 'श्वेतवाराहकल्पे' म्हणून जातात आणि आपण हातातलं पाणी सांडू नये याकडे लक्ष देतो, तोच. मी तो संवाद पहिल्यांदा ऐकला तेव्हा मागे जाऊन परत ऐकला.

कल्प आला की हिशेब बदलतो. कल्पाला सुरुवात आहे तसा शेवटही आहे, आणि शेवट करणं हे कुणाचं तरी नेमलेलं काम आहे. काळ सुरू करणारा अकाटोश आणि काळ मिटवणारा अल्डुइन हे एकाच यंत्राचे दोन भाग ठरतात. मराठीत तर ही जोडी एका शब्दात आहे. 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती' म्हणताना काळ म्हणजे मरण, आणि 'काळ बदलला' म्हणताना काळ म्हणजे दिवस. कारकुक्सॉर म्हणतो की नॉर्ड काळाच्या देवाला जन्मदाता आणि संहारक दोन्ही मानतात, तेव्हा त्याला बिचाऱ्याला वेगळं वाक्य खर्चावं लागतं. आपल्याला एक शब्द पुरला असता. म्हणून म्हणतो, काम एकाच खात्यातलं आहे. पण खातं एक असलं म्हणून माणूस एक होत नाही. आणि अल्डुइनची चूक नेमकी इथेच आहे: नेमून दिलेलं काम, म्हणजे वेळ आल्यावर जग खाणं, ते सोडून तो त्या जगावर राज्य करत बसला.

कुणीतरी खंडोबाचा दाखला देईलच, म्हणून तोही बघून टाकू. जेजुरीचा खंडोबा, कर्नाटकातला मैलार, तेलंगणातला मल्लण्णा, हे एकच असं आपण म्हणतो. माझ्या कसोटीला ते उतरतं, कारण मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध ही घटना खंडोबाच्या आणि मैलाराच्या, दोन्हीकडच्या कथेत आहे. त्यातही 'हा शंकराचा मार्तंडभैरव अवतार' ही जोडणी संस्कृत माहात्म्याने केलेली, आणि बाणाईला धनगरवाड्यातून आणलेल्या देवाची गोष्ट वाघ्या-मुरळीच्या गाण्यातली. एक बरोबरी वरून आली, दुसरी रस्त्यावरून चालत आली. अल्डुइनच्या बाबतीत फक्त वरून आलेली आहे. एकही नॉर्ड आजी मला त्या अख्ख्या खेळात भेटली नाही जी अल्डुइनला नवस बोलते आणि अकाटोशला फेडते.

आता तुमचा शनिवार.

पुजाऱ्याची प्रार्थना चालू द्या, पण तिला 'ड्रॅगनवर दुप्पट इजा' असलं काही करू नका. अकाटोश हा हाकेसरशी धावून येणारा देव नाही. 'स्कायरिम'च्या अख्ख्या कथेत तो एकदाही समोर येत नाही. 'ऑब्लिव्हियन'मध्ये आला तो राजमणी फुटल्यावर आणि मार्टिनच्या जिवाची किंमत घेऊन. त्यामुळे प्रार्थनेला किंमत ठेवा, आणि परिणाम काळावर होऊ द्या. एक फेरी उलटी फिरते. अल्डुइनचा घास एक क्षण थबकतो. पुजाऱ्याच्या दाढीत दोन केस पांढरे होतात. मारण्याचं काम ड्रॅगनबॉर्नवर सोडा, ते त्याचंच आहे.

आमच्या टेबलावर हे असंच चालवलं. पुजारी खेळणारा गडी दिवसा लोकांची आयकर विवरणपत्रं भरतो, त्यामुळे नियमाची फट त्याला लांबून दिसते. पहिल्याच गावात त्याने चौकात उभं राहून अकाटोशची आरती केल्यासारखं मोठ्याने स्तोत्र म्हटलं. मी एका म्हाताऱ्या नॉर्ड बाईला खिडकी लावून घ्यायला लावली. तो चिडला. ''मी यांना वाचवायला आलोय ना?'' मी म्हातारीच्या आवाजात म्हटलं, ''तुझा देव सायरोडिलचा. आमच्याकडे ड्रॅगनचं नाव घेतलं की पोरं रडतात.'' त्या एका वाक्यानंतर 'एक की दोन' हा प्रश्न टेबलावरून उठला आणि गावात गेला. तिथे तो जास्त शोभतो. तुमच्या खेळाडूंनाही सायमनचं पुस्तक एका गावात आणि कारकुक्सॉरचं दुसऱ्या गावात सापडू द्या. मध्ये दोन दिवसांचा प्रवास ठेवा, म्हणजे भांडायला वेळ मिळतो.

शेवटच्या लढाईची मात्र आधीच तयारी करून ठेवा, तिथे प्रश्न येणारच. एरवी ड्रॅगन मेला की त्याचा आत्मा ड्रॅगनबॉर्नमध्ये शिरतो, तो झगझगता प्रवाह सगळ्यांच्या ओळखीचा. सोव्हनगार्डमध्ये, म्हणजे नॉर्डांच्या परलोकात, अल्डुइन पडला तेव्हा मी कंट्रोलर धरून त्याचीच वाट बघत बसलो होतो. तो मरताना आपल्या भाषेत ओरडतो की मी अनंत आहे, मला संपवता येणार नाही. मग अंगावरचं काळं कवच जळक्या कागदासारखं सुटत जातं, आतून उजेड फाटतो आणि सगळं विखरून जातं. माझ्यात काहीच शिरलं नाही. परतल्यावर डोंगरावरच्या मठातल्या म्हाताऱ्या आर्नगिअरला विचारलं तर तोही ठाम बोलत नाही. कदाचित काळाच्या शेवटी नेमलेलं काम करायला त्याला परत येऊ देतील, ते देवांनी ठरवायचं, एवढंच.

आमच्या आयकरवाल्याने तिथे फासे खाली ठेवले आणि विचारलं, ''आत्मा ड्रॅगनबॉर्नला मिळाला नाही, मग गेला कुणाकडे?'' मी म्हटलं, तू पुजारी आहेस, तूच सांग. त्याने बराच वेळ वहीत काहीतरी खरडलं. शेवटी म्हणाला, ''बापाने नेला असेल.'' मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. पुढच्या मोहिमेच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच ते लिहून आणलं होतं, आणि खाली कंसात: गेम मास्टरने आक्षेप घेतलेला नाही.